शिट्टीवालं ॲप, थेंबावालं ॲप

मी गाव सोडलं त्या दिवशी आमच्या घरचं पंचशील अर्धवट राहिलं. एसटी सव्वासहाची, म्हणून बाबांनी पाचलाच मला आणि आईला उठवलं आणि आंघोळी उरकून सहाला मूर्तीसमोर बसवलं होतं. मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली आणि नेहमीसारखे ते पुढून एकेक ओळ सांगायला लागले. आम्ही मागून म्हणत होतो. तिसऱ्या शीलापर्यंत पोचलो आणि खालच्या वळणावर हॉर्न वाजला. एरवी अर्धा तास उशिरा येणारी गाडी त्या दिवशी दहा मिनिटं आधी आली होती! बाबा तसेच ओटीवर गेले आणि त्यांनी एकच हाक टाकली, "थांबव रेऽऽ!" खाली रस्त्यावर एसटी थांबली. माझी बॅग त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि उतरता उतरता म्हणाले, "राहिलेलं तिकडं पुरं कर. आन् पोचलास की दुकानावर फोन टाक."

मंडणगडच्या पुढच्या आमच्या वाडीतले जे आहेत, त्यांना बाबांचा आवाज सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. बाबा बांधकाम खात्यात रस्त्याच्या टोळीवर मुकादम होते. डांबराचं काम चालू असलं की दोन्हीकडच्या गाड्या ते नुसत्या आवाजावर अडवायचे. खात्याने दिलेली शिट्टी घरी खिळ्याला टांगलेली असायची, ती मी लहानपणी वाजवून वाजवून फोडली. विहारात पुढे बसून वंदना सांगायचा मानही त्यांचाच. ते सांगायला लागले की विहिरीवरच्या बायका तिथूनच मागून म्हणायच्या.

हे सगळं लिहायचं कारण आपल्या मंडळाचा ग्रुप. परवा तिथे कुणीतरी विचारलं, "मिलिंद, तू नेटवर्कचा माणूस. गावी आईबापांशी बोलायला कुठलं ॲप चांगलं, तेवढं सांगून टाक ना." खाली पंधरावीस जणांनी अंगठे टाकले. कुणी घणसोलीत आहे, कुणी पुण्यात, दोघं तर आखातात. मी दोन ओळींत उत्तर लिहायला घेतलं आणि लिहवेना. म्हणून आता लांबण लावतोय, कंटाळा आला तर सोडून द्या.

घणसोली गावात मी पहिल्यांदा राहिलो ती खोली इतकी अरुंद होती की दार उघडलं की गादी गुंडाळावी लागायची. घरमालकीण आगरी म्हातारी, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. सुरुवातीला मी नाक्यावरच्या बूथवरून गावच्या दुकानात फोन लावायचो. दुकानदार वाडीकडे तोंड करून ओरडायचा, मग बाबा धावत यायचे आणि फोनमध्येही रस्त्यावर बोलतात तसेच बोलायचे. मी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायचो. "बाबा, हळू बोला हो, ऐकू येतंय," हे वाक्य मी त्यांना किती वेळा ऐकवलं असेल! पुढे माझ्याकडे मोबाईल आला. पण खोलीत रेंज नव्हती, म्हणून मी गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर चढायचो. म्हातारी खालून कडकडायची, "काय रं पोरा, टाकीवर चढून कोनाला हाका मारतंस? पानी सांडल ना सगला!" आणि मी उतरलो की हळूच विचारायची, "बरी हाय ना तुजी आयस?"

काम मिळालं ते केबलवाल्याकडे, वायर ओढायचं. केबलची ब्रॉडबँड झाली, तांब्याची जाऊन फायबर आली, आणि मी वायर ओढणाऱ्याचा स्प्लायसिंग करणारा झालो. म्हणजे काय, तर केसाएवढी काचेची तार तुटली की तिची दोन टोकं मशीनमध्ये धरून पुन्हा एकजीव करायची. घणसोली, तळवली, कधी पार जासईच्या कंटेनर यार्डातली ऑफिसं, सगळीकडच्या तारा मी जोडल्यात. लग्न झालं. सुजाता महापेला एका ऑफिसात लागली. मुलगी झाली, मैत्री. आम्ही टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर आलो. आता गॅलरीतून खाली बघितलं की ती जुनी टाकी दिसते. घरात रेंजचं टेन्शन नाही, दोन सिम आहेत, फायबर आहे. बोलायला सगळं काही आलं आणि बोलणं आठवड्यातून एकदा व्हायला लागलं. खोटं कशाला बोलू?

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी रजा टाकून गेलो, दवाखाना केला, घरी आणून खाटेवर निजवलं. बाबा नुसते बघायचे. मी हाक मारली की डोळ्यांच्या कडेने पाणी यायचं, तोंडातून काही नाही. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो, तेव्हाही तसंच. त्या खेपेला आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाली, "दोन महिने झाले, घरात वंदना नाय झाली."

"मग तू म्हण ना," मी म्हटलं. "तुला सगळं पाठ आहे."

"मला मागून येतं रं. पुढून नाय येत."

मला आधी हसूच आलं. चाळीस वर्षं रोज म्हणणाऱ्या बाईला पुढून येत नाही म्हणजे काय? पण ती थट्टा करत नव्हती. तिने मूर्तीसमोर बसून बघितलं होतं, आणि पहिली ओळ कुणी सांगितल्याशिवाय तिच्या तोंडून दुसरी निघत नव्हती. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. रोज संध्याकाळी सात वाजता मी घणसोलीहून फोन लावणार, मी पुढून सांगणार, तिने मागून म्हणायचं. बाबा खाटेवर पडून ऐकतील. फोन मूर्तीशेजारच्या फळीवर, स्पीकर चालू. आणि माझ्यातल्या टेक्निशियनने वर सल्लाही दिला, "व्हिडिओ बंद ठेव, म्हणजे आवाजाला जोर येतो." तो सल्ला बरोबरच होता. आजही गिऱ्हाइकांना मी तोच देतो.

पहिले काही दिवस झकास गेले. तेव्हा आम्ही सगळे वापरतात ते ॲप वापरायचो. ते वाजताना शिट्टीसारखं वाजायचं म्हणून आई त्याला शिट्टीवालं म्हणायची. मी ओळ सांगितली की लगेच तिची ओळ यायची. मैत्रीसुद्धा कधी माझ्याजवळ येऊन बसायची. सात वाजता टॉवरमध्ये लिफ्टचे आवाज, खाली भाजीवाल्याचा भोंगा, आणि त्यात आमची वंदना चाललेली. मला वाटायचं, चला, बाबांनी सांगितलेलं राहिलेलं पुरं होतंय.

महिनाभराने बिघाड सुरू झाला. मी ओळ सांगायचो आणि पलीकडून काहीच यायचं नाही. मी मनात एक, दोन, तीन, चार मोजायचो, मग आईची ओळ यायची. आणि त्या मधल्या वेळात खालून एक खरखर. सुकं पान फरशीवरून ओढावं तशी. मागे पंखा, कोंबड्या, बाहेर कुणाची तरी मोटरसायकल, आणि त्या सगळ्यात ती खरखर. माझं डोकंच फिरलं. मी दुनियेची नेटवर्कं दुरुस्त करत फिरणार आणि माझ्याच घरी ही तऱ्हा!

मग मी एक वही केली. डाव्या बाजूला कनेक्शन, उजव्या बाजूला ॲप. घरच्या फायबरवरून शिट्टीवालं: गॅप आहे, खरखर आहे. पहिल्या सिमच्या डेटावरून: तेच. दुसऱ्या सिमवरून: तेच, वर मध्येच आवाज फाटतो. एकदा तळवलीला खांबावर शिडी लावली असताना सात वाजले, तिथूनच लावला: तेच. जासईला यार्डाच्या ऑफिसमध्ये त्यांचं वाय-फाय मागून घेतलं आणि दोन कंटेनरांच्या मधे उभा राहून पंचशील सांगितलं. तिथला वॉचमन टोपी काढून उभा राहिला. गॅप होतीच, खरखरही होतीच. साध्या फोनवर लावून बघितला, तर आमच्या वाडीत तो मध्येच कट व्हायचा. म्हणजे खोट गावच्या टोकाला, असा मी निष्कर्ष काढला.

त्याच आठवड्यात सुजाता म्हणाली, "अहो, आमच्या ऑफिसच्या मीटिंगचं ॲप टाकून बघा ना. मागे कुकर वाजला तरी पलीकडे कळत नाही." ते ॲप वाजताना पाण्याचे थेंब पडल्यासारखं वाजतं, म्हणून ते आईचं थेंबावालं झालं. शेजारच्या काकूंच्या सुनेने आईच्या फोनमध्ये ते टाकून दिलं. पहिल्याच दिवशी मी चाट पडलो. पंखा गायब, कोंबड्या गायब, ती खरखरही गायब! फक्त आईचा आवाज, शेजारी बसल्यासारखा. मी ओरडलोच, "आई, आता कसं क्लिअर येतंय!"

पलीकडे आई कुणाला तरी म्हणाली, "क्लिअर येतंय म्हनतोय." तिचा आवाज इतका आनंदाचा होता की मलाही भरून आलं. मग मी रोजच म्हणायला लागलो. वंदना संपली, तीनदा 'साधु' म्हणून झालं, की शेवटी मी म्हणायचो, "एकदम क्लिअर, आई." आणि ती ते तिकडे सांगायची.

गॅप मात्र गेली नाही. ओळ सांगितली की शांतता, अगदी कोरी, पंख्याचासुद्धा आवाज नाही, आणि मग आई. मी तिच्यावर प्रयोग केले. "आई, मी टाळी वाजवली की तू वाजव." मी वाजवली, तिची ऐकूच आली नाही. ती म्हणे, "वाजवली की रं, हात दुखला!" मग माझ्या लक्षात आलं, हे ॲप टाळीलाही गोंगाट समजून झाडून टाकतंय. मी त्याचं कौतुक केलं, काय हुशार ॲप आहे म्हणून. टाळीऐवजी आकडे घेतले. मी "एक" म्हणायचं, तिने "दोन". ते पटकन आलं! "तीन", लगेच "चार". गॅप नाहीच. आणि पुन्हा वंदनेला बसलो की गॅप हजर. वहीत मी त्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

ह्या सगळ्या दिवसांत मी गावी गेलो नाही. मैत्रीची दहावी होती. पावसात तारा तुटत होत्या आणि रजा मिळत नव्हती. आणि खरं सांगू का, रोज सातला आवाज इतका स्वच्छ येत होता की आपण घरी जातोच आहोत असं वाटायचं. बाबा गेल्याचा फोन आला तो सकाळी, शिट्टीवाल्यावर. मी पोचलो तेव्हा विहारासमोर सगळी वाडी बसली होती.

त्या दिवसांत वंदना बौद्धाचार्यांनी सांगितली, मी सगळ्यांच्या मागे बसून म्हटली. आईला चल म्हटलं, तर ती म्हणाली, "अकराव्या मजल्यावर मी काय करू? इथं त्यांची खाट हाय." मी परत आलो आणि पुन्हा सातचा फोन सुरू झाला. आता घरात ती एकटी. गॅप आहे तेवढीच. उलट आता ती जास्त टोचायची. वाटायचं, बाबा गेले ते गेले, निदान आई तरी हाताशी हवी. मधली ही तीनचार सेकंदं तरी काढून टाकता आली पाहिजेत. तेवढं एक काम मला येतं की जगात!

गावात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आली, हे कळलं तसा मी मशीन पिशवीत घातलं आणि निघालो. दोन दिवस खपलो. खांबावरून तार आणली, ओटीच्या वाशाला क्लिपा मारल्या, स्वतःच्या हाताने जोड मारला. आई खालून सारखी, "पडशील रं, चाळिशी उलटली तुजी!" राउटरचा हिरवा दिवा लागला तेव्हा मी तिला सांगितलं, "आता बघ. मी एक ओळ सांगितली की तुझी ओळ टकाटक."

"बरं," ती म्हणाली. संध्याकाळी सात वाजले. मी म्हटलं, आज फोन कशाला, मी इथेच आहे. तिने मेणबत्ती लावली. आम्ही दोघं मूर्तीसमोर बसलो, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मी पहिली ओळ सांगितली आणि थांबलो.

आई गप्प. एक, दोन, तीन, चार. मग तिने ओळ म्हटली.

मला वाटलं, सवय. दुसरी ओळ सांगितली. पुन्हा तेच. मान किंचित खाटेकडे झुकवून ती बसलेली, डोळे मिटलेले, आणि मग तिची ओळ. मधे ना तार होती, ना ॲप, ना रेंज.

"आई, मधे थांबतेस कशाला?"

तिने डोळे उघडले. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय अशा नजरेने बघितलं. "त्यांचं होऊ दे की आधी."

"कुणाचं?"

"तुज्या बाबांचं. त्यांना ओळीला वेळ लागायचा ना. जीभ वळायची नाय. मी घाई केली की त्यांची ओळ मोडायची, म्हनून मी थांबायची. आता सवय पडली."

"बाबा म्हणायचे?"

"म्हनायचे म्हंजे काय? रोज तर म्हनायचे, खाटेवरनं. तू दुसऱ्यांदा येऊन गेलास आन् म्हयन्याभरानं एक दिस खुसखुस करायला लागले. मी म्हटलं, मिलूच्या मागून म्हनतायत! तुला सांगनार होती, तर तू सोताच म्हनालास, क्लिअर येतंय. मग मी त्यांना सांगायची, ऐकलंत काय, क्लिअर येतंय म्हनतोय. इतके हसायचे! अर्ध्या तोंडानं, पन हसायचे. दुपारपासनं घड्याळाकडं बघत पडायचे, सात कधी वाजतात म्हनून."

मी मेणबत्तीकडे बघत बसलो. खरखर. सुकं पान फरशीवरून ओढावं तशी. मी वहीत प्रत्येक रकान्यात लिहिलेली, तळवलीच्या खांबावरून ऐकलेली, जासईला कंटेनरांमधे उभं राहून शिव्या घातलेली. ती खरखर म्हणजे माझे बाबा होते. डांबराच्या रस्त्यावर ट्रक अडवणारा माणूस उरलेल्या अर्ध्या जिभेने माझ्या मागून एकेक ओळ चालत होता, आणि मी शोधून शोधून असं ॲप आणलं जे त्यांना झाडून टाकेल. ह्या ॲपला शिकवलेलं असतं, माणसाचा आवाज तेवढा ठेवायचा, बाकीचा गोंगाट काढायचा. माझ्या बाबांचा आवाज त्याला माणसाचा वाटला नाही. आणि मला तरी कुठे वाटला?

"तुला ऐकू यायचं ना?" आईने विचारलं. तिच्या मनात संशय नव्हता, ती नुसतं विचारत होती.

"यायचं की, आई," मी म्हटलं. "क्लिअर यायचं."

ती समाधानाने पुढच्या ओळीची वाट बघायला लागली. मी कशीबशी सांगितली. आई ग्रुपवर नाही, म्हणून हे इथे लिहू शकतोय. वाडीतल्यांनो, तुमच्या पाया पडतो, तिला हे सांगू नका.

घणसोलीला परत आलो ते फोन उपसतच. आईचे जुने व्हॉइस मेसेज शोधले, शिट्टीवाल्यावरचे. जागा भरते म्हणून मी दर महिन्याला सगळं साफ करणारा माणूस, काही राहिलं नव्हतं. एक मेसेज सुजाताच्या फोनमध्ये मिळाला, तिने कधी काही पुसलेलं नसतं. आई तिला आंबोशीला मीठ किती घालायचं ते सांगतेय. मागे पंखा, मागे कोंबडी. हेडफोन लावून मी तो परत परत ऐकतो. शेवटी आई म्हणते, "ठेवते गो," आणि त्याच्या आत, खाली, जरासं काहीतरी आहे. ते बाबा आहेत की पंख्याचं बेअरिंग, मला सांगता येत नाही. तारेत सिग्नल किती, हे मी दशांशात सांगतो, पण हे नाही सांगता येत.

तर मित्रांनो, कुठलं ॲप चांगलं? थेंबावालं स्वच्छ आहे, ऑफिसला वापरा. गावी बोलायला शिट्टीवालं ठेवा, त्यात पंखा येऊ दे, कोंबड्या येऊ देत, मोटरसायकल येऊ दे. सेटिंगमध्ये गोंगाट कमी करायचं बटण असेल तर ते आधी बंद करा. आणि पलीकडून खरखर आली तर राउटर बंद-चालू करू नका, आधी विचारा, तिथे कोण आहे?

आमच्या घरी मी थेंबावालं काढून टाकलंय. नवीन फायबर आहे, शिट्टीवालं लागतं तेही झटकन. काल सातला फोन लावला. अकराव्या मजल्यावर मी, शेजारी मैत्री. पलीकडे आमची ओटी, पंखा, खुराड्यात शिरणाऱ्या कोंबड्यांचा कलकलाट, सगळं ऐकू येतंय. इतकी वर्षं मला वाटायचं की घर तिकडे आहे आणि मी इकडे, आणि मधलं अंतर कमी करणं हे माझं काम. आता मी ते कमी करत नाही. मी ओळ सांगितली आणि थांबलो. पलीकडे आईही थांबली होती. एक, दोन.

मैत्रीने माझा दंड हलवला. "पप्पा, अडकलं का?"

"नाही गं," मी म्हटलं. "थांब जरा. आजोबांचं होऊ दे."